दशकाच्या घरातला दोन

“पालथा घाला सर, पालथा!”

इरफानने चार्जरची वायर काढली, अंबुजाने झाकण मिटलं आणि दोघांनी मिळून वर्गाचा लॅपटॉप सतरंजीवर पालथा घातला. बाकीची पोरं त्याच्याभोवती पोटावर आडवी झाली. लॅपटॉपच्या पाठीवर एक पांढरी पट्टी चिकटवलेली होती आणि तिच्यावर मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत बरंच काही छापलेलं होतं. आम्हाला त्यातली एकच ओळ हवी होती.

“व्हेरॉन ९६२०,” अंबुजाने वाचलं.

“व्हेरॉन म्हणजे?” मी विचारलं.

“प्रोसेसरचं नाव. आत बसून सगळी कामं तोच करतो.”

“आणि नऊ हजार सहाशे वीस?”

“हजेरीपटावरचा नंबर असंल त्याचा,” इरफान म्हणाला, आणि सगळी हसली.

उदगीरच्या शाळेत गणित आणि विज्ञान शिकवून मी निवृत्त झालो, तेव्हापासून दर शनिवारी दुपारी माझ्या घराच्या पुढच्या खोलीत हा वर्ग भरायचा. येईल त्याने यावं, बसेल त्याने बसावं. आमचा आवडता खेळ होता आकडा बोलता करायचा. प्रत्येकाने आठवडाभरात कुठूनतरी एक आकडा टिपून आणायचा आणि तो काय सांगतो ते आम्ही सगळ्यांनी शोधायचं. पिनकोडचा पहिला अंक काय सांगतो, गॅसच्या टाकीवरच्या अक्षरावरून तिची तपासणी कधी आहे ते कसं कळतं, गाडीच्या नंबरावरून गाव कसं ओळखायचं. गाड्यांच्या नंबरात अंबुजाचा हात कुणी धरत नव्हतं. गाडी वळणावर दिसायचा अवकाश, ही खिडकीतून ओरडायची, “एमएच सव्वीस, नांदेड!” दहा वर्षांची होती तेव्हा.

मुलांना शिकवण्याची माझी एक पद्धत होती. उत्तर चुकलं तर मी म्हणायचो, “परत बघ. घाई नाही.” उत्तर बरोबर आलं तर फक्त “बरोबर” म्हणायचो आणि गप्प बसायचो. लगेच पुढचा प्रश्न नाही, ‘पण’ नाही, स्पष्टीकरण नाही. ते बरोबर उत्तर त्या मुलाला थोडा वेळ एकट्याने मिरवू द्यायचं. नोकरीची सगळी वर्षं मी हेच केलं. त्या गप्प बसण्यात मुलांची तोंडं कशी उजळतात ते मी कितीदा पाहिलं होतं.

त्या शनिवारी लॅपटॉपचा आकडा मीच निवडला होता. दोन दिवसांपूर्वी इंटरनेटवर एक लेख वाचला होता आणि कधी एकदा पोरांना सांगतो असं मला झालं होतं.

“हजाराच्या घरात काय आहे?”

“नऊ.”

“ते विक्रीचं साल समजा. गेल्या वर्षी तिथं आठ होता, यंदा नऊ. शतकाच्या घरातला सहा सांगतो की हा धाकटा, मधला की थोरला. आणि दशकाच्या घरातला दोन? आतली रचना कितवी, ते तो सांगतो. आता ऐका. गेल्या वर्षी बाजारात आला होता तो ८६४०. बोला.”

पोरं पुटपुटायला लागली. अंबुजाने सतरंजीवर बोटाने दोन्ही आकडे एकाखाली एक लिहिले. मग तिने मान वर केली.

“गेल्या वर्षीच्यात चौथी रचना होती आणि यंदाच्यात दुसरी. म्हणजे नाव नवं दिलंय सर, पण आतलं जुनंच आहे!”

“बरोबर,” मी म्हणालो, आणि गप्प बसलो.

तिचे कान लाल झाले. वेणीचं टोक तोंडात धरून ती लॅपटॉपकडे अशी बघत होती, जणू तो तिनेच बनवला होता.

“ही तर फसवणूक झाली!” इरफान म्हणाला.

“फसवणूक कशी? सगळं छापलंय की त्याच्यावर. वाचता आलं पाहिजे.”

हे वाक्य माझंच होतं. पुढे ते मला दुसऱ्याच्या तोंडून ऐकावं लागलं, म्हणून लक्षात आहे.

मग मी लेखातला दुसरा भाग सांगितला. त्या जुन्या रचनेत एक उणीव सापडली होती. मी म्हणालो, “बसस्टँडजवळच्या खानावळीतला आचारी डोळ्यांसमोर आणा. हुशार आहे. गिऱ्हाईक काय मागेल याचा अंदाज बांधून आधीच भाज्या चिरून ठेवतो. म्हणून ताट पटकन येतं. अंदाज चुकला, तर चिरलेलं टाकून देतो. प्रोसेसरही असाच अंदाजाने पुढचं काम आधीच करून ठेवतो. पण मागच्या दाराने कुणी कचऱ्याचा डबा बघून गेला तर?”

“आत काय शिजणार होतं ते त्याला कळणार,” अंबुजा म्हणाली.

“चोर तेच करतो. टाकून दिलेल्यातून आपली गुपितं हुडकतो.”

“मग दुरुस्ती?” कुणीतरी विचारलं.

“आहे ना. आचाऱ्याला सांगायचं, आधी चिरू नकोस. कंपनीने तशी सूचना पाठवलीय, इंटरनेट जोडलं की आपोआप येते. मग चोराला काही मिळत नाही.”

“पण जेवण उशिरा मिळणार!” इरफान ओरडला.

“थोडं उशिरा. पण मिळणार.”

वर्ग सुटल्यावरही पोरं अंगणात आचारी-चोर खेळत होती. इतका रंगलेला वर्ग बऱ्याच दिवसांत झाला नव्हता.

तो लॅपटॉप वर्गाला अंबुजाच्या वडिलांनी दिला होता. संगमेश हलकुडे. नळेगाव रोडला त्याचं ‘शरण कॉम्प्युटर्स’ हे दुकान होतं आणि तिथं याच लॅपटॉपच्या खोक्यांची थप्पी छतापर्यंत लागलेली होती. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. शिकवताना मनात आलं नाही, एवढंच.

संगमेश माझा विद्यार्थी. दहावीला गणितात दोनदा नापास झाला, तेव्हा त्याच्या वडिलांनी त्याला मोंढ्यात हमालीला लावायचं ठरवलं होतं. मी त्याला वर्षभर रोज संध्याकाळी ओसरीवर घेऊन बसलो. अपूर्णांकांना तो घाबरायचा. पोळीचे तुकडे करून शिकवले. तिसऱ्या वेळी पास झाला आणि निकाल घेऊन पळत आला, तो एका पायात चप्पल नव्हती. पुढे कॉम्प्युटर दुरुस्ती शिकला आणि दुकान टाकलं. उद्घाटनाला मलाच बोलावलं.

“सर, पहिली मशीन तुमच्या हातून चालू व्हायला पाहिजे,” म्हणाला.

त्याने लॅपटॉपच्या झाकणावर भस्माची तीन बोटं ओढली, नारळ फोडला आणि मी बटण दाबलं. तेव्हापासून ती रीतच पडली. दुकानात कुणी मुलासाठी लॅपटॉप घेतला की गिऱ्हाईकच म्हणायचं, सरांना बोलवा. मला त्याचं फार कौतुक वाटायचं. मी जायचो, त्या मुलाला चार शब्द सांगायचो, बटण दाबायचो, पेढा खायचो. आता मी ते करत नाही. कुणी म्हणालंच, तर बटण मुलालाच दाबायला लावतो.

तर दुसऱ्या दिवशी रविवार होता. कॉलेजच्या प्रवेशाचे दिवस, दुकानात वर्षाचा धंदा याच महिन्यात व्हायचा. संगमेशचा फोन आला आणि मी गेलो.

काउंटरपुढच्या खुर्चीत देवर्जनचे व्यंकट बिरादार बसले होते, शेजारी त्यांचा मुलगा नरसिंग. पोराला नांदेडला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला होता. काउंटरवर उघडलेलं खोकं होतं, लॅपटॉपला भस्म लावून झालं होतं. आणखी दोन घरची माणसं बाकावर नंबर धरून बसली होती. अंबुजा स्टुलावर उभी राहून नारळाला कुंकू लावत होती.

“या सर, या,” बिरादार उठून उभे राहिले. “तुमचीच वाट बघलालो. पोरगं म्हणतंय, सर येऊ द्या.”

“नऊवाली सिरीज घेतलीय सर यांनी,” संगमेश म्हणाला. “एकदम नवीन. गेल्या वर्षीच्यापेक्षा महाग आहे थोडी, पण पोराची चार वर्षं निघतील.”

“महाग तर महाग,” बिरादार म्हणाले. “आमच्या चुलतभावानं मागच्या वर्षी आठवाली नेली इथनंच. त्याच्यापेक्षा भारी पाहिजे म्हणलं. घरात दोन भाऊ, कळतंय न्हवं तुम्हाला?”

बाकावरची माणसं हसली. मीही हसलो. आणि अंबुजा स्टुलावरून म्हणाली, “पण आठवालीच भारी होती.”

“गप गं,” संगमेश हसत म्हणाला. “नारळ धर नीट.”

“खरंच अप्पा. हे बघा.” तिने नारळ खाली ठेवला, खोकं स्वतःकडे फिरवलं आणि छापलेल्या आकड्यावर बोट ठेवलं. “इथं दशकाच्या घरात दोन आहे. म्हणजे आतली रचना दुसरी. गेल्या वर्षीच्यात चार होता. चांगली होती ती आपण स्वस्तात दिली आणि ही जुनी महाग देतोय. नाव तेवढं नवं आहे. आणि जुन्या रचनेत कचऱ्याच्या डब्यातून चोर बघतो.”

“चोर?” बिरादारांचा हात पेढ्याच्या पुड्यावर थांबला.

“लेकरू आहे ओ,” संगमेश म्हणाला. “मामा, नऊ म्हणजे यंदाची. लातूरच्या डीलरनं मला लेखी दिलंय, नवीन सिरीज म्हणून. तुम्ही सांगा की सर.”

बिरादार माझ्याकडे वळले. “पोरगी काय म्हणलालीय ओ सर? बरोबर हाय का तिचं?”

अंबुजा माझ्याकडे बघत होती. बोट अजून त्या दोनवर होतं. शनिवारी सतरंजीवर जशी बघत होती, तशीच. तिने एक आकडा घराबाहेर, मोठ्या माणसांत, स्वतःच्या हिमतीवर बोलता केला होता. मला तिचा इतका अभिमान वाटला, की दुकानातलं बाकी काही मला दिसलंच नाही.

“बरोबर,” मी म्हणालो.

आणि गप्प बसलो.

किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. वर्गात जातो तेवढाच. अंबुजाचे कान लाल झाले. मला आठवतं ते एवढंच, की मला बोलायचं होतं. चोराचा बंदोबस्त झालेला आहे, मशीन थोडी सावकाश चालेल पण नरसिंगच्या अभ्यासाला पुरून उरेल, फक्त किंमत कमी करून घ्या. हे सगळं माझ्याजवळ तयार होतं. तिचा तो क्षण संपला की बोलणार होतो. पण बिरादार काही माझ्या वर्गात बसलेले नव्हते. माझं गप्प बसणं त्यांनी त्यांच्या परीने समजून घेतलं.

ते उठले. “मग ऱ्हाऊ द्या,” म्हणाले.

“अहो, ऐका तरी,” मी बोलायला लागलो. “त्यावर उपाय आहे—”

“कळलं सर. तुम्ही बरोबर म्हणलात, बास झालं. चल रे नरसिंग.”

बाकावरची दोन्ही घरची माणसं त्यांच्या मागोमाग उठली. “येतो उद्या,” त्यातला एक म्हणाला. दोघंही परत आले नाहीत.

संगमेशने भस्म लावलेला लॅपटॉप फडक्याने पुसला आणि खोक्यात ठेवला. “सर, चहा सांगू?” त्याने विचारलं. आवाजात काही नव्हतं. मग त्याने खोकं जवळ ओढून त्या आकड्याकडे बराच वेळ बघितलं.

“मला दाखवा की सर, कसं वाचायचं ते,” म्हणाला.

मी पुन्हा तिन्ही घरं सांगितली. अंबुजा मधेमधे बोलत होती, त्याला मदत करत होती. “अप्पा, तसं नाही, दशक!” तो मान हलवत होता. अपूर्णांकांच्या वेळी हलवायचा तशीच.

“आठ जाऊन नऊ आलं की नवीन, एवढंच मी बघितलं,” तो म्हणाला. “सगळ्यांनी तेच बघितलं असंल.”

त्याने लातूरला डीलरला फोन लावला आणि मला ऐकू यावं म्हणून स्पीकर चालू करून काउंटरवर ठेवला. पलीकडचा माणूस जेवत होता बहुतेक.

“माल परत? का?”

“आतला प्रोसेसर जुना आहे. तुम्ही नवीन सिरीज म्हणलात.”

“सिरीज नवीनच आहे की. आणि संगमेशशेठ, सगळं छापलंय की त्याच्यावर. वाचून घ्यायचं असतं.”

संगमेशने फोन बंद केला. मी चहाचा कप उचलला होता, तो तसाच खाली ठेवला.

गावात गोष्ट पसरली, पण माझा धडा अर्धाच पसरला. कचऱ्याचा डबा सगळ्यांना कळला, दुरुस्ती कुणाला कळली नाही. दोन दिवसांत बोललं जाऊ लागलं की शरणच्या लॅपटॉपमध्ये चोर बसवलेला असतो, तो बँकेतले पैसे काढतो. मी रोज दुकानात जाऊन बसायला लागलो. येईल त्याला आचाऱ्याची गोष्ट पूर्ण सांगायचो.

“हो सर, पण तुम्हीच तर म्हणलात,” लोक म्हणायचे.

“मी काय म्हणालो?”

“बरोबर म्हणलात.”

मग घेतलेले लॅपटॉप परत यायला लागले. आधी एक, मग रोज. संगमेश कुणालाही दुसरं काही विचारायचा नाही. खोकं घ्यायचा, पैसे द्यायचा, थप्पीवर ठेवायचा. मला वाटलं, लोकांच्या तोंडाला घाबरून देतोय.

“अरे, सगळे कशाला परत घेतोस?” मी एकदा म्हणालो. “चालू मशीन आहेत. थोडे पैसे कमी कर, समजावून सांग.”

“असू दे सर.”

“माझ्याकडे ठेवीतले थोडे आहेत—”

“सर,” तो हसला. “तुमच्या जिवावर एकदा पास झालो, तेवढं पुरे आहे.”

अंबुजा पुढच्या शनिवारी वर्गाला आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. इरफानने सांगितलं की शाळेत पोरं तिला ‘कचऱ्याचा डबा’ म्हणून चिडवतात. मी शाळेच्या बाईंना भेटून आलो. चिडवणं बंद झालं म्हणाल्या. तरीही अंबुजा आली नाही.

पाऊसकाळ सरता सरता दुकानाचं भाडं थकलं आणि डीलरची माणसं येऊन बसायला लागली. बिदरला संगमेशच्या मेव्हण्याच्या ओळखीने एका मोठ्या दुकानात मोबाईल दुरुस्तीची नोकरी मिळाली. स्वतःचं दुकान असलेला माणूस दुसऱ्याच्या काउंटरवर स्क्रू काढायला निघाला. जायच्या दिवशी सकाळी मी त्यांच्याकडे गेलो.

दुकानाच्या मागेच त्यांच्या दोन खोल्या होत्या. सामान बांधून झालं होतं. संगमेश टेम्पो आणायला गेला होता. त्याच्या बायकोने, महादेवीने, बांधलेलं भांड्यांचं पोतं परत सोडलं आणि माझ्यासाठी चहा टाकला. मी नको म्हणत होतो, तिने ऐकलं नाही. अंबुजा आतल्या खोलीच्या दारात उभी होती, अंगठ्याने चौकट कुरतडत.

“कशी आहेस अंबू?”

“बरी आहे सर.” आणि आत गेली.

महादेवी माझ्यासमोर जमिनीवर बसली. लग्न होऊन आली तेव्हापासून मी तिला ओळखत होतो, पण इतकं सरळ माझ्याकडे ती कधी बघत नसे.

“सर, एक बोलू का? हे नको म्हणलेत सांगायला.”

“बोल ना.”

“मशीन परत घ्यायची काही गरज नव्हती. शेजारच्या दुकानदारानं सांगितलं, पावतीवर लिहिलेलं आहे, विकलेला माल परत होत नाही. डीलरपण तेच म्हणला, दुरुस्ती करून दे आणि गप बस. आमचे भाऊ येऊन ओरडून गेले. ह्यांनी कुणाचं ऐकलं नाही.”

“मी पण सांगितलं होतं त्याला.”

“तुमच्यामुळंच नाही ऐकलं सर.” तिने पदराने कपाखालची बशी पुसली. “म्हणले, प्रत्येक मशीन सरांच्या हातून चालू झालेली आहे. उद्या कुणाचं पोरगं नापास झालं, कुणाचे बँकेत पैसे गेले, काहीही झालं, तरी लोक म्हणणार, सरांनी बटण दाबलं होतं. शरणचं नाव गेलं तर जाऊ दे. मशीन दुकानात परत आली की सरांचा हात त्याच्यावरनं सुटला.”

चहा गार होत होता. आत अंबुजा काहीतरी पोत्यात भरत असल्याचा आवाज येत होता. तो थांबला. ती ऐकत होती.

“तिला माहीत आहे हे?” मी विचारलं.

“इतक्याशा घरात काय लपतंय सर. पहिली मशीन परत आली त्या रात्री मला विचारलं तिनं. आव्वा, मी खोटं सांगितलं असतं तर दुकान राहिलं असतं का?”

“तू काय म्हणालीस?”

महादेवीने गार झालेला कप उचलला. बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला आणि ती उठली.

सामान चढवायला फार वेळ लागला नाही. लॅपटॉपची खोकी डीलरने अर्ध्या किमतीत उचलून नेली होती, राहिला होता संसार. इरफान आणि वर्गातली दोन-तीन पोरं पाट, बादल्या, देवाची पेटी आणून देत होती. संगमेश वर चढून दोरी बांधत होता. शर्टाच्या बाह्या वर केलेल्या, कपाळावर भस्म. मधेच इरफानला म्हणाला, “ओढ रे, जोर नाही का? सरांच्या वर्गात नुसते आकडेच खाता काय?” पोरं हसली. तोही हसला. त्याला खरंच राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

अंबुजा टेम्पोच्या मागे उभी होती, हातात तुळशीचं लहान डबडं घेऊन. मी तिच्याजवळ गेलो. तिला काय सांगायचं ते रात्रभर ठरवत होतो. तू चूक केली नाहीस. बरोबर तेच बोललीस. चुकलं ते मी गप्प बसलो ते. पण हे शब्द दहा वर्षांच्या मुलीला सांगायचे कसे ते मला जमेना. म्हणून मी आमचा खेळ काढला. वाटलं, एकदा तोंड उघडलं की बाकीचं आपोआप येईल.

“अंबू,” मी टेम्पोच्या मागच्या पाटीकडे बोट केलं, “ही गाडी कुठली गं?”

पाटीवर ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं, केए अडतीस. तिने बघितलं. तिचे ओठ हलले. मी वर्षानुवर्षं मुलांचे ओठ बघत आलोय, मला कळतं. मग तिने मान वळवून वर, दोरी बांधणाऱ्या वडिलांकडे बघितलं.

“माहीत नाही सर.”

संगमेशने वरून ऐकलं. “अगं, बिदरची की! तुला तर सगळे पाठ आहेत. सांग सरांना.”

“मला नाही येत अप्पा.”

“लाजलालीय,” तो मला म्हणाला. “नवीन गावाला निघालोय ना.” खाली उतरून त्याने हात झटकले आणि वाकून माझ्या पायांना हात लावला. “शरणार्थ सर. येत जाऊ आम्ही.”

मी त्याला धरून उठवलं. काय बोललो ते आठवत नाही. महादेवी ड्रायव्हरशेजारी बसली. संगमेशने अंबुजाला उचलून मागे सामानात बसवलं आणि स्वतः तिच्या शेजारी चढला. तिचा चेहरा आता माझ्या चेहऱ्याच्या बरोबरीने आला.

“परत बघ अंबू,” मी म्हणालो. “घाई नाही.”

तिने परत बघितलं. पाटीकडे नाही, माझ्याकडे. वर्गात पहिल्या दिवशी आली होती तेव्हासुद्धा तिने माझ्याकडे इतकं लांबून बघितलं नव्हतं. मग तिने तुळशीचं डबडं मांडीत घट्ट धरलं आणि मान हलवली, नाही.

ड्रायव्हरने गाडी सुरू केली. पोरं थोडं अंतर मागून धावली. इरफान ओरडत होता, “केए अडतीस, बिदर! केए अडतीस, बिदर!” संगमेश हात हलवत होता. टेम्पो बिदरच्या रस्त्याला वळेपर्यंत अंबुजा ओरडणाऱ्या इरफानकडे बघत होती, तोंड मिटून.

तिला येत होतं.